फॅनफिक वाचली जाते, मग वाचक बोलत का नाहीत?

सातरस्ता (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. दुसऱ्या कुणी आधीच उभ्या केलेल्या पात्रांना घेऊन स्वतःच्या कथा रचणाऱ्या आपल्यासारख्या लोकांत सध्या एकच रड ऐकू येते: वाचनांचा आकडा वर चढतो आहे आणि प्रतिसादांचा खाली येतो आहे. ही तक्रार खरी आहे. मात्र वाचक आळशी आणि फुकट्या झाला, हे जे कारण सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. वाचण्याची जागा आणि बोलण्याची जागा एकमेकींपासून तुटल्या, आणि तेव्हापासून या व्यवहारात आपल्यालाही काही करायचे असते ही जाणीवच वाचकाच्या मनातून गेली, असे माझे मत आहे.

‘स्टार ट्रेक’ मालिकेला वाहिलेले पहिले हौशी नियतकालिक अमेरिकेत १९६७ साली निघाले. त्याच्या कितीतरी आधीपासून विज्ञानकथांच्या चाहत्यांत असे घरगुती अंक टपालाने फिरत असत आणि त्यांतल्या अनेकांची किंमत पत्राच्या रूपात घेतली जाई. अंक वाचून सविस्तर पत्र धाडायचे, म्हणजे पुढचा अंक घरी येणार. ती पत्रे पुढच्या अंकात छापली जात, त्यांना इतर वाचक उत्तरे देत, आणि कधीकधी अंकातल्या कथेपेक्षा पत्रव्यवहाराचीच पाने अधिक उत्सुकतेने उघडली जात. पत्र न लिहिणारा वाचक त्या मंडळात फार काळ टिकूच शकत नव्हता.

इंटरनेट आल्यावरही काही वर्षे हे वळण टिकले. १९९८ साली फॅनफिक्शन डॉट नेट सुरू झाले, १९९९ साली लाइव्हजर्नल हे रोजनिशीवजा ब्लॉगांचे संकेतस्थळ आले. लाइव्हजर्नलवर कथा, मालिकेच्या कालच्या भागावरचे वाद आणि लेखिकेच्या मांजरीचे आजारपण हे सगळे एकाच ठिकाणी असे, त्यामुळे मांजरीची चौकशी करायला आलेला माणूस जाता जाता कथेवरही चार ओळी लिहून जाई. २००७ साली त्या संकेतस्थळाने शेकडो खाती एकाएकी बंद केली, तेव्हा आपले लेखन आपल्याच हाती राहील अशी जागा हवी ही भावना बळावली. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची संस्था काढली आणि २००९ च्या नोव्हेंबरात ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ सर्वांसाठी खुले झाले. देणग्यांवर चालणारे, जाहिराती नसलेले हे संग्रहालय एवढे वाढले की २०१९ साली त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ते मोलाचे काम आहे याविषयी दुमत नाही. पण संग्रहालय जतन करण्यासाठी बांधलेले असते, गप्पा मारण्यासाठी नव्हे. कथा तिथे गेल्या, गप्पा टम्बलर, ट्विटर आणि पुढे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर पांगल्या, आणि दोहोंमधला रस्ता वाचकाने स्वतः चालून जायचा असे ठरले. तो कोण चालणार?

त्यात त्या संग्रहालयातल्या कुडोस नावाच्या, शाबासकी देण्याच्या बटणाचा भाग आहे. हे बटण एका वाचकाला एका कृतीवर एकदाच दाबता येते आणि ते प्रकरणागणिक नसून संपूर्ण कृतीसाठी असते. चाळीस प्रकरणांची दीर्घकथा जो पहिल्या प्रकरणापासून दर आठवड्याला वाचतो आहे, त्याने पहिल्याच आठवड्यात बटण दाबले असेल, तर पुढच्या एकोणचाळीस आठवड्यांत तो तिथे आहे की सोडून गेला हे लेखकाला कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे शब्द. आणि बटण दाबून आपण आपले देणे फेडले अशी वाचकाची प्रामाणिक समजूत झालेली असते. वॉटपॅड आणि प्रतिलिपी या कथांच्या दुसऱ्या संकेतस्थळांपैकी पहिल्यावर परिच्छेदाशेजारी शेरा लिहिता येतो, दुसऱ्यावर तारे देता येतात. सोयी वेगवेगळ्या आहेत, पण अंगठा हलवला की बोलल्याचे समाधान मिळते, हे सगळीकडे सारखेच.

मी स्वतः महाभारतातल्या हिडिंबेवर भागाभागाने लिहिते आहे, त्यामुळे हा धागा अगदी निःस्वार्थ नाही हे मान्य करून टाकते. तुमचा अनुभव काय?

कडकभाकरी

सहमत. पुभाप्र.

(हा प्रतिसाद मुद्दाम असा दिला आहे. एखाद्या कथेवर नुसते ‘पुभाप्र’, म्हणजे ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’, येतात, तेव्हा लेखकाने त्यातून काय घ्यायचे, हे कुणीतरी मला समजावून सांगावे.)

खिडकीजवळचा

धागाकर्तीने एक साधे कारण सोडून दिले आहे, ते म्हणजे डाउनलोड. मला कामासाठी सोलापूरहून पुण्याला वरचेवर जावे लागते आणि हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसण्यापूर्वी मी घरच्या वायफायवर दोन-तीन दीर्घकथा फोनमध्ये उतरवून घेतो, कारण कुर्डुवाडी सोडल्यावर मधल्या पट्ट्यात नेटवर्क येते-जाते. कथा वाचून संपते ती दौंडच्या अलीकडे कुठेतरी. त्या क्षणी मला लेखकाशी भांडायचे असते, हात जोडायचे असतात, अमुक पात्राला का मारले असे विचारायचे असते. पण समोर असते ती फक्त फाइल, तिच्याखाली लिहायला जागा नसते. पुण्याला उतरल्यावर रिक्षा, कार्यालय, बैठका. रात्री आठवण झालीच, तर तेव्हा सांगण्यासारखे एवढेच उरलेले असते की कथा आवडली.

दुसरे असे की मी वाचतो त्यांतल्या बऱ्याच कथा दहा-बारा वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या आहेत. २०१३ साली संपलेल्या कथेखाली आज लिहिले, तर ते लेखिकेला दिसेल की नाही, ती अजून त्या पात्रांत रमत असेल की नाही, अशी शंका मनात येते आणि हात आखडतो.

मालिकांचे स्वरूप बदलले, हेही पाहावे. पूर्वी आठवड्याला एक भाग येई आणि पुढचा भाग येईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत चाहते तर्क लढवत, त्या तर्कांतूनच कथा आणि कथांवरच्या चर्चा जन्माला येत. आता एका रात्रीत सगळे भाग ओटीटीवर येतात, रविवारपर्यंत सगळ्यांचे बघून होते आणि पुढच्या पंधरवड्यात मंडळी दुसऱ्या मालिकेकडे गेलेली असतात. वाट पाहण्याचा काळच उरला नाही, तर त्या काळात होणारे बोलणे कुठून उरणार?

पूर्वभाग

मी इथे वर्षानुवर्षे वाचनमात्र आहे. या धाग्याचा विषय थेट माझ्यासारख्यांविषयी असल्यामुळे लिहिते आहे.

आमच्या घरी तेलुगू बोलली जाते. आजोबा यंत्रमागावर होते, आम्ही सगळी मुले मराठी शाळेत शिकलो, आणि सोलापुरात हे काही अपवादात्मक नाही. आमच्या गल्लीत अशी घरे शेजारी शेजारी आहेत, आणि अक्कलकोट रस्त्याकडे कन्नड बोलणारी तितकीच सापडतील. मी मराठी झपाट्याने वाचते. लिहिताना मात्र अजूनही वेलांटीपाशी अडखळते. पूर्वी एका संकेतस्थळावर एका कथेखाली मी मोठ्या उत्साहाने लांबलचक प्रतिसाद दिला होता. त्यावर लेखकाचे उत्तर आले नाही. आले ते दुसऱ्याच एका सदस्याचे, आणि त्यात माझ्या चार ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका क्रमांक घालून दाखवल्या होत्या. मी काय म्हटले होते त्यावर एक अक्षरही नव्हते. त्यानंतर मी कुठेच काही लिहिले नाही, आणि वाचन मात्र कधीच थांबवले नाही.

वाचक गप्प का, असे विचारताना लेखक मंडळी हे लक्षात घेत नाहीत की प्रतिसाद देणाऱ्याचीही परीक्षा होते. लेखक कथा टोपणनावाने लिहितो, तिच्यावर महिनाभर हात फिरवतो, मग ती पुढे ठेवतो. वाचकाने मात्र दोन मिनिटांत, न खोडता, चारचौघांत नेमके बोलावे अशी अपेक्षा असते. त्यात काय बोललेले चालेल हेही धड कळत नाही. कथेच्या शेवटी ‘प्रतिसाद जरूर द्या’ असे लिहिलेले असते. पण तिसऱ्या भागात कुंतीचे वागणे मला खोटे वाटले, हे लिहिले तर लेखिका दुखावेल की आनंदेल? म्हणून मी तारे देते आणि निघून जाते.

शाईचा डाग

पूर्वभाग, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले. शुद्धलेखनाचे फौजदार ही मराठी जालाची जुनी व्याधी आहे आणि तिच्यावर संपादक मंडळांनी कधीच हवे तेवढे लक्ष दिलेले नाही.

मात्र मला लेखकांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. ‘दहा प्रतिसाद आल्याशिवाय पुढचा भाग टाकणार नाही’ अशी अट घालणारे लेखक मी पाहिले आहेत. अट पुरी होते, कारण चार मित्र आणि त्यांचे डु आयडी (दुसऱ्या नावाने काढलेली खाती) धावून येतात, पण त्या दहांतला एकही प्रतिसाद कथेविषयी नसतो, आणि जो नवा वाचक खरोखर काही म्हणणार होता, तो ही वसुली पाहून काढता पाय घेतो. मग कंपूबाजीचा आरोप होतो, लेखक रुसतो, कथा क्रमशःवर लटकते. असे लटकलेले सांगाडे पाहून वाचक पुढच्या अपुऱ्या कथेला हातच लावत नाही. पूर्ण झाल्यावर वाचू म्हणतो. आणि पूर्ण होईपर्यंत कुणी बोलले नाही म्हणून तीही अर्धवट राहते.

निवृत्त मास्तर

चर्चा वाचतो आहे. मला तुमचे कुडोस आणि डिस्कॉर्ड कळत नाही, पण दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणे आपल्याकडे परके नाही, एवढे सांगावेसे वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधर कवी घ्या. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ ही सगळी आधीच सर्वांना ठाऊक असलेली आख्याने त्यांनी सोप्या ओवीत पुन्हा सांगितली आणि तीनशे वर्षे घराघरांत ती वाचली गेली. बारामतीच्या मोरोपंतांनी तर एकट्या रामकथेवर एकशेआठ रामायणे रचल्याची ख्याती आहे, त्यांत अक्षरांचे आणि वृत्तांचे नाना खेळ आहेत. कथा तीच, मांडणी नवी, याला वाचक कंटाळतो असे त्या काळी कुणाला वाटले नाही.

फरक ऐकण्याच्या पद्धतीत आहे. माझ्या लहानपणी चातुर्मासात आमच्या वाड्यात पोथी लागे. एक जण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे आणि बाकीचे ऐकत. ऐकणाऱ्या बायका मध्येच थांबवून विचारीत, की द्रौपदीला असे फरफटत नेले तेव्हा गांधारी कुठे होती? सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागे. उत्तर जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो तयारी करून येई. एकट्याने, अंधारात, पांघरुणात फोनवर वाचणाऱ्या माणसाने असे थांबवून विचारायचे कुणाला?

सातरस्ता

सर, आपला प्रतिसाद फार आवडला, पण त्यात एक भर घालते. पोथी ऐकणाऱ्यांचे प्रश्न अर्थ सांगणाऱ्यापाशी थांबत, श्रीधर कवींपर्यंत ते पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. मूळ कथेला खरे उत्तर दिले ते जात्यावर बसलेल्या बायकांनी. सीतेच्या वनवासावरच्या त्यांच्या ओव्यांत रामाला जे ऐकवले आहे, ते कुठल्याही पोथीत नाही. त्या ओव्या म्हणजे प्रतिसादच होता, आणि तोच पुढे स्वतंत्र रचना होऊन बसला. फॅनफिकचा जन्मही असाच होतो: मूळ कथेतली एखादी जागा खटकते आणि वाचक गप्प बसू शकत नाही. म्हणून आजचा वाचक गप्प झाला याची मला जी काळजी वाटते, ती केवळ माझ्या कथेखालच्या रिकाम्या जागेची नाही. जो आज वाद घालत नाही, तो उद्या लिहिणारही नाही.

खिडकीजवळचा, डाउनलोडचा मुद्दा एकदम मान्य. जुन्या कथांविषयी मात्र निःशंकपणे लिहीत जा. निदान त्या संग्रहालयात प्रतिसाद आला की लेखकाला ईमेल जाते, आणि आपण विसरून गेलेल्या कथेवर कुणाचे तरी चार शब्द अचानक येणे याच्यासारखा आनंद नाही.

गड्ड्यावरचा पाळणा

प्रतिसाद आटलेले नाहीत, ते दाराआड गेले आहेत, असे माझे निरीक्षण आहे. आमचा जुळे सोलापुरातल्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. धागाकर्तीच्या हिडिंबेच्या कथेचा दुवा तिथे आला, तेव्हा त्यावर दोन दिवस धुमश्चक्री चालली होती. घटोत्कच पडल्याची बातमी घेऊन पांडवांचा दूत अरण्यात येतो आणि हिडिंबा त्याला आधी जेवायला वाढते, मग विचारते, हा प्रसंग आठवतो ना? एकीने त्यावर भल्या मोठ्या व्हॉइस नोटमध्ये सांगितले, की तिच्या आजीने मुलाच्या अपघाताची बातमी आणणाऱ्याला असेच आधी पाणी विचारले होते, कारण त्याने तोंड उघडेपर्यंतचा वेळ आजीला हवा होता. दुसरी म्हणाली की हे सगळे खरे, पण राक्षसीण इतकी शहाणी-सुरती कशाला दाखवायची, तिने दूताला उचलून आपटले असते तर मला अधिक पटले असते. त्यावर पुन्हा वाद. या सगळ्यातले एक अक्षरही कथेखाली गेले नाही. कथेखाली गेले ते आमच्यातल्या एकीचे ‘सुंदर!’, आणि तेसुद्धा मी आठवण केली म्हणून.

कारण विचारले तर सांगतील की तिथे अनोळखी लोक वाचतात. घरच्या गोष्टी घरच्यांत बोललेल्या बऱ्या.

सातरस्ता

राक्षसिणीने दूताला आपटायला हवे होते, हे मला आज, इथे, असे कळावे! त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याशी वाद घालायला मी एका पायावर तयार आहे.

शाईचा डाग

अनोळखी लोकांची भीती अगदीच निराधार नाही. इंग्रजी फॅनफिकमध्ये तर आता लेखकच प्रतिसादांना बिचकू लागले आहेत. ‘तुमची कथा अप्रतिम आहे, तिच्यावर चित्रे काढायची माझी इच्छा आहे, डिस्कॉर्डवर बोलू’ असा गोड प्रतिसाद येतो, आणि बोलायला गेले की चित्रांचे पैसे मागितले जातात. कथा त्या माणसाने वाचलेलीच नसते. काही ठिकाणी यंत्राने लिहिलेले शेरे पडतात, त्यांत लेखकावरच कथा एआयकडून लिहून घेतल्याचा आरोप असतो. शिवाय आपले लेखन एआयच्या शिकवणीसाठी उचलले जाते म्हणून अनेकांनी आपल्या कथा फक्त सदस्यांपुरत्या ठेवल्या. त्यांचे करणे समजण्यासारखे आहे, परंतु त्यामुळे खाते नसलेला साधा वाचक बाहेरच राहिला आणि उरलेल्या प्रतिसादांकडेही संशयाने पाहण्याची सवय लागली. खरा प्रतिसाद ओळखायचा कसा, तर त्यात कथेतली एखादी अशी गोष्ट असते जी शीर्षक आणि गोषवारा वाचून कळणार नाही. दूताला वाढलेले जेवण, उदाहरणार्थ.

कडकभाकरी

माझ्या ‘पुभाप्र’चा पंचनामा कुणीच केला नाही म्हणून मीच करतो. नियमित येणाऱ्या वाचकाचा ‘पुभाप्र’ म्हणजे हजेरी आहे आणि चाळीस प्रकरणांच्या कथेत हजेरीलाही किंमत आहे. तेव्हा लेखकांनी त्याला नाके मुरडू नयेत. पण लेखकाला त्याहून अधिक हवे असेल, तर त्याने तसे विचारावे. ‘प्रतिसाद द्या’ हे विचारणे नव्हे. ‘दूताने खरे सांगितले असे तुम्हाला वाटते का?’ हे विचारणे झाले. मी माझ्या कथांच्या शेवटी असा एखादा प्रश्न टाकू लागल्यापासून मला मोजकी पण भांडखोर उत्तरे येऊ लागली आहेत. प्रतिसाद देणाऱ्यांच्या वेलांट्या मी मोजत नाही आणि कुणी मोजू लागला, तर त्याला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून थांबवतो.

निवृत्त मास्तर

एक सूचना. महिन्यातून एखाद्या रविवारी एकत्र बसून एक भाग मोठ्याने वाचून काढावा. माझे घर सात रस्त्याजवळच आहे, बैठकीच्या खोलीत दहा-बारा माणसे सहज मावतात आणि चहाची सोय होईल. वाचणाऱ्याला मध्येच थांबवण्याची मुभा राहील. ज्यांना लिहायचा संकोच आहे त्यांनी बोलावे, इतरांनी ते टिपून कथेखाली टाकावे.

खिडकीजवळचा

मी येईन. रविवारी गाडी पकडायची नसते.

गड्ड्यावरचा पाळणा

आमच्या गटात विचारते. दूताला आपटणाऱ्या बाई नक्की येतील, त्या कुणाचे ऐकत नाहीत.

पूर्वभाग

मीही येईन. तोवर एक प्रश्न मनात आहे तो विचारून टाकते, वेलांट्या समजून घ्याव्यात. द्रोणपर्वात घटोत्कच पडल्यावर पांडव शोक करत असतात आणि कृष्ण मात्र आनंदाने नाचतो, कारण कर्णाची इंद्राने दिलेली शक्ती खर्ची पडलेली असते आणि अर्जुन वाचलेला असतो. तुमच्या चौथ्या भागात हिडिंबा अरण्यात बसून ‘जो माझ्या मुलाच्या मरणावर नाचला’ असे म्हणते. दूताने तर हे तिला सांगितलेले नाही, मी ते पान पुन्हा तपासले. मग तिला हे कळले कुणाकडून? की ती आधीपासूनच ओळखून होती, की पांडवांच्या लेखी तिचा मुलगा अर्जुनासाठी राखून ठेवलेला होता?

सातरस्ता

पूर्वभाग, याचे उत्तर पाचव्या भागात आहे आणि ते तुमच्या दोन पर्यायांपैकी एकाच्या बरेच जवळ जाते, त्यामुळे इथे सांगत नाही. मात्र हा प्रश्न असाच्या असा, वेलांट्यांसकट, चौथ्या भागाखाली टाकाल का? तिथे माझ्याखेरीज इतरही तो वाचतील, आणि त्या दूताविषयी शंका घेणारे आणखी कुणी असले, तर त्यांना तुमच्या मागे लिहिता येईल. मास्तर, पुढचा रविवार चालेल. मी शेंगाची चटणी आणते.